विसाव्याचा हिशेब

गोरेगावहून शिर्डीला पायी निघालेल्या माणसाला वाटेतला अवघड टप्पा विचारला तर तो कसारा घाट सांगेल, नाहीतर घोटी-सिन्नर पट्ट्यातलं चैत्राचं ऊन. माझ्या मते अवघड टप्पा पहिल्या दिवसाचा, मुंबई ओलांडण्याचा. त्याची कुणी तक्रार करत नाही, कारण त्या दिवशी पाय ताजे असतात, निरोपाला गल्ली लोटलेली असते आणि शहर आपलंच असतं. गेल्या चार-पाच दशकांत उपनगरांतल्या कितीतरी मंडळांनी रामनवमीच्या आधी साईंची पालखी घेऊन निघण्याचा शिरस्ता पाडला आहे. गोरेगाव-जोगेश्वरीच्या बाजूने नाशिक महामार्गाला लागायचं तर आधी ठाणं गाठावं लागतं. त्याला वाटा तीन. वर जाऊन घोडबंदर रोड, खाली उतरून जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड, किंवा या दोहोंच्या मधून आरे कॉलनी. पालखीचा रथ, सामानाचा टेम्पो आणि पाण्याचा टँकर यांना पहिल्या दोन सोयीच्या. मी इथे तिसरीबद्दल लिहितो आहे. आरेतून पवई आणि पवईहून ठाणं हा वीस-पंचवीस किलोमीटरचा पल्ला एका दिवसात पायी नीट होतो, आणि यात्रेची वाट नेमकी कशाने बनते या प्रश्नाचा निकाल लावायला मला यापेक्षा चांगली जागा दिसत नाही. माझं म्हणणं थोडक्यात असं, की चालणाऱ्याच्या वाटेची प्रत तिच्या रुंदीवरून ठरवू नये, थांबण्याच्या जागांवरून ठरवावी. रुंदी वाहनांसाठी वाढवली जाते आणि श्रेय मात्र चालणाऱ्यांच्या नावावर टाकलं जातं, ही माझी तक्रार त्यातूनच आलेली आहे.

आरे चेकनाक्याशी पश्चिम द्रुतगती महामार्ग मागे पडतो आणि थोडं आत गेलं की डोक्यावर झाडी जुळते. उन्हाळ्यात हा फरक कातडीला आधी कळतो, डोळ्यांना नंतर. ही सावली आयती मिळालेली नाही, निदान रस्त्याच्या कडेची तरी. मुंबईभर पसरलेले म्हशींचे गोठे शहराबाहेर एका जागी न्यायचे म्हणून १९४९ मध्ये सरकारने ही दुग्धवसाहत वसवली. दूध आयुक्त दारा खुरोडी यांचं ते काम, ज्यांना पुढे १९६३ साली वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्यासोबत मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९५१ च्या मार्चमध्ये पंडित नेहरूंनी इथे रोप लावलं. तीन हजारांहून अधिक एकर जमीन, तीसेक युनिटं, हजारोंनी म्हशी असा तो पसारा. आतले रस्ते आखले गेले ते वैरणीचे ट्रक आणि दुधाच्या गाड्या यांच्यासाठी, आणि कडेला झाडं लावली गेली. आज या रस्त्यावर जो रेन ट्री दोन्ही अंगांनी फांद्या टाकून उभा आहे, तो सत्तर वर्षांचं काम आहे हे लक्षात ठेवावं. पुढे त्याचा संबंध येणार आहे. खुरोडींच्या आखणीतली आणखी एक गोष्ट आज विसरली गेली आहे. ही वसाहत लोकांनी येऊन पाहावी, बसावं, मग परतावं अशी कल्पना होती. छोटा काश्मीरची बाग आणि तळं, टेकडीवरचं ऑब्झर्व्हेशन पॅव्हेलियन, पिकनिक पॉइंट ही सगळी थांबण्याचीच ठिकाणं. त्यातली बाग उरली आहे. पिकनिक पॉइंट मात्र गाडी चालवणाऱ्यांच्या तोंडी एका वळणाचं नाव होऊन बसला आहे. गोरेगावहून पवई किंवा मरोळला जाणारी वाहनं महामार्गाची कोंडी चुकवायला या रस्त्याला लागतात, आणि कामाच्या वेळांना त्यांची रांग तुटत नाही. चालणाऱ्याला सावली पुष्कळ आहे, पण टेकायला ओटा, हात धुवायला नळ किंवा पाय सोडून बसावं अशी जागा मैलभरात सापडेल याची खात्री नाही. म्हणजे अर्धी वाट तयार आहे आणि अर्धी नाही. आरेचं महत्त्व मला या अर्धेपणात वाटतं.

मोजायला माप हवं, म्हणून पुणे ते सासवड हा आषाढी वारीतला एक दिवस घेऊ. ज्येष्ठ वद्य अष्टमीला ज्ञानेश्वर महाराजांच्या पादुका आळंदीहून निघतात, नवमीला पुण्यात येतात, भवानी पेठेतल्या पालखी विठोबा मंदिरात दोन रात्री राहतात आणि एकादशीला सासवडची वाट धरतात. सगळ्या वारीत एवढी मोठी मजल दुसरी नाही, अंदाजे तीस किलोमीटर. त्यात उपवास, आणि दिवस कलल्यावर समोर दिवेघाट. कागदावर पाहिलं तर हा दिवस साठी-पासष्टीच्या बाईला झेपू नये. प्रत्यक्षात त्या वयाच्या बायका डोक्यावर तुळस घेऊन तो पार करतात, आणि बहुतेक जण त्याचं कारण एका शब्दात भक्ती असं सांगून मोकळे होतात. मला ते कारण खोटं वाटत नाही, अपुरं वाटतं. त्या दिवसाचं वेळापत्रक वाचा. शिंदे छत्री, हडपसर, उरुळी देवाची, वडकी नाला, मग सासवड. तीस किलोमीटरचा दिवस पाच तुकड्यांत मोडलेला आहे आणि प्रत्येक तुकड्याच्या टोकाला काहीतरी ठरलेलं आहे. हडपसरला तुकोबांची पालखी वेगळी होऊन लोणी काळभोरकडे वळते. वडकी नाला घाटाच्या पायथ्याशी, तेव्हा चढण्याआधीचा विसावा तिथेच पडणार. घाटात रथाला जादा बैलजोड्या जुंपल्या जातात. माणसांच्या बाबतीतही हाच विचार आहे, फक्त तो बैलांइतका डोळ्यांत भरत नाही. शेंगदाण्याचा लाडू, केळी, खिचडी, चहा देणारे रस्त्याच्या कडेला उभे असतात. तुटलेल्या वहाणेला टाका घालून देणारा चांभार पैसे घेत नाही, दाढी करणारा न्हावी घेत नाही, पाय चोळून देणारी पोरं तर नाहीच नाही. दिंडीचा ट्रक पहाटेच पुढे गेलेला असतो, आणि वारकरी सासवडला पोचतो तेव्हा त्याचा तंबू आधीच उभा असतो. भिशी, म्हणजे दिंडीची वर्गणी, भरली की जेवणाची चिंता मिटते.

चालण्याची चालही तशीच बेतलेली. दिंडीत रांगा असतात, रांगेत टाळकरी, मध्ये वीणेकरी, आणि अभंगांचा क्रम पहाटेच्या काकड्यापासून संध्याकाळच्या हरिपाठापर्यंत लागलेला. टाळाच्या ठेक्यावर चालणारा माणूस त्या ठेक्याबाहेर धावू शकत नाही. रांगेतल्या सगळ्यांत हळू चालणाऱ्याचा वेग हा रांगेचा वेग होतो. आणि मुक्कामाच्या तळावर समाजआरती. तिथे चोपदार दंड उंचावतो आणि एवढा मोठा समाज गप्प होतो. ज्या दिंडीची तक्रार असेल ती टाळ वाजवतच राहते, तिला आधी विचारलं जातं, मग हरवल्या-सापडल्याची वर्दी, मग उद्या निघण्याची वेळ. लष्करी वळणाचा हा बंदोबस्त एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकरांनी बसवला. ते शिंद्यांच्या पदरी होते, आणि पालखीसोबतचे घोडे आजही बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून शितोळे सरकारांकडून येतात. हे सांगण्याचं कारण एवढंच, की वारी आपोआप होते ही समजूत सोडून द्यावी. ती फार विचारपूर्वक आखलेली आहे, आणि त्या आखणीत चालण्याइतकाच विचार थांबण्याचा झाला आहे.

हे आकड्यांत पाहायचं असेल तर आळंदी ते पंढरपूर अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर आणि लागतात वीसेक दिवस. सरासरी काढली तर रोज बारा-तेरा किलोमीटर. एवढं तर कुणीही चालेल. वारी दमवते ती मोजक्या दिवसांत, आणि ते दिवस निभावतात ते आजूबाजूच्या सैल दिवसांमुळे. पुण्यात दोन रात्री, सासवडला सोपानदेवांच्या समाधीपाशी दोन रात्री. लोणंद-फलटणचा मुक्काम तिथीच्या क्षयवृद्धीप्रमाणे लांबतो किंवा आखडतो. पंचांगात एक दिवस वाढला तर वारी तो चालून संपवत नाही, मुक्कामात घालते. पंढरीच्या वाटेवरचं पहिलं उभं रिंगण होतं ते चांदोबाचा लिंब इथे, तरडगावच्या अलीकडे. तिथे रांगा जागच्या जागी उभ्या राहतात आणि धावतो फक्त घोडा. आता शिर्डीचा हिशेब मांडा. मुंबई उपनगरांतून अंतर जवळपास तेवढंच आणि दिवस साधारण आठ. म्हणजे रोज तीस किलोमीटर, रोज पुणे-सासवड, मध्ये सैल दिवस नाही. कारण उघड आहे. वारकरी पेरणी उरकून निघतो, उपनगरातला पदयात्री रजा मंजूर करून घेऊन निघतो. दुसरं कारण ऊन. रामनवमी चैत्रात, तेव्हा दुपारी चालणं टाळून पहाटे आणि रात्री चालावं लागतं, तेही महामार्गाच्या कडेने, ट्रकच्या उजेडात. यात भक्ती कमी पडते असं कुणी म्हणणार नाही. कमी पडतात ते विसावे, आणि ती कसर पाय भरून काढतात.

यावर पहिला आक्षेप येतो तो श्रद्धेच्या बाजूने. कष्ट हाच तर यात्रेचा अर्थ, वाट सोपी केली तर पुण्याई कुठली, असं विचारणारे भेटतात. त्यांना २०२० आणि २०२१ ची आठवण द्यावी. महासाथीच्या त्या दोन वर्षांत पादुका एसटी बसने पंढरपूरला गेल्या. ठरलेल्या तिथीला देव भेटला, पूजा झाली, परंपरा खंडली नाही. तरी वारी झाली असं गावोगावच्या वारकऱ्यांना वाटलं नाही. कष्टच हवे असते तर त्या वर्षी घरी बसण्याचे कष्ट काही कमी नव्हते. पोचणंच हवं असतं तर बस पोचलीच होती. त्या वर्षी नव्हतं ते मधलं सगळं, म्हणजे दारात येणारी पालखी, तिच्यासाठी उकळत ठेवलेला चहा, ओसरीवर झोपलेली अनोळखी माणसं. वाटेवरच्या गावांचं नुकसान चालणाऱ्यांपेक्षा मोठं होतं. दि. बा. मोकाशींनी १९६१ साली पालखीबरोबर चालून ‘पालखी’ हे पुस्तक लिहिलं, आणि श्रद्धाळू नसलेल्या माणसालाही वारीत जागा कशी मिळते याचा तो पुरावा आहे. जागा मिळते कारण व्यवस्था श्रद्धेची चौकशी करत नाही. भाकरी वाढणारी बाई ती करत नाही, हे त्याहून महत्त्वाचं.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा आणि जास्त धारदार. वारीला आदर्श मानू नका, तिचे विसावे सगळ्यांना सारखे कधीच नव्हते, असा तो. इरावती कर्व्यांनी वारीवर लिहिलं तेव्हा त्यांनी हेच नोंदवलं होतं. एका वाटेने, एकच अभंग म्हणत चालणारी माणसं जेवायला बसताना जातीप्रमाणे वेगळी होतात, हे त्यांना सलत होतं. पंढरपूरच्या देवळाचे दरवाजे दलितांना उघडावेत म्हणून १९४७ मध्ये साने गुरुजींना उपोषण करावं लागलं, ते याच वाटेच्या टोकाला. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो, आणि तो माझ्या म्हणण्याला बळच देतो असं मला वाटतं. भेद दिसला तो चालताना नाही, थांबल्यावर. रस्त्यावर खांद्याला खांदा लावणं सोपं. पंगत, पाणी, निवारा यांच्या वेळी समाज आपलं खरं रूप दाखवतो. म्हणून वाट सुधारायची तर विसाव्याला हात घालावा लागतो. अलीकडच्या वर्षांत तळांवर फिरती शौचालयं आली, बायकांना पहाटेच्या अंधारात आडोसा शोधायची वेळ कमी झाली. वारीतली ही सुधारणा मला कित्येक कोटींच्या रस्त्यांपेक्षा मोठी वाटते.

त्या रस्त्यांकडेच येतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते दोन पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली. ज्ञानेश्वर महाराज पालखी मार्ग दिवेघाट ते मोहोळ, तुकाराम महाराज पालखी मार्ग पाटस ते तोंडले-बोंडले, दोन्ही मिळून साडेतीनशे किलोमीटर, खर्च अकरा हजार कोटींच्या घरात, आणि दोन्ही अंगांना पायी चालणाऱ्यांसाठी स्वतंत्र पदपथ. याची गरज नव्हती असं म्हणता येत नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये दिवेघाटात नामदेव महाराजांच्या पालखीच्या दिंडीत ब्रेक निकामी झालेला जेसीबी घुसला आणि दोन वारकरी गेले. वाहन आणि पाऊल यांच्यात अंतर हवं, हे त्या घटनेनंतर वेगळं सांगावं लागत नाही. पण रस्ता रुंद करताना जुन्या रस्त्याच्या कडेचे वड, लिंब, चिंचा गेल्या, आणि वारीच्या हिशेबात ती झाडं म्हणजे विसाव्याचे मांडव होते. त्यांच्या जागी रोपं लावली जातील, लावलीही आहेत. आरेतल्या रेन ट्रीचं वय इथे आठवावं. आज लावलेल्या रोपाखाली बसायला आजचा वारकरी असणार नाही. झाड वाचवून रस्ता होतच नाही असंही नाही. मिरज-पंढरपूर रस्त्यावर भोसे गावाजवळचा शेकडो वर्षांचा वड २०२० मध्ये महामार्गात जाणार होता. लोक झाडाभोवती उभे राहिले, ओरड झाली, आणि महामार्गाची आखणी बदलून वड ठेवला गेला. पुढे तो कोसळला, ती गोष्ट वेगळी. आखणी वाकवता येते एवढं त्यातून सिद्ध झालं. सावली नसलेला, नळ नसलेला, बसायला कठडाही नसलेला पदपथ वाहनांपासून वाचवतो हे खरं, पण तिथे माणूस फक्त पुढे ढकलला जातो.

आरे संपवून मोरारजीनगरच्या बाजूने पवईला बाहेर पडलं की हा मुद्दा उलट्या अंगाने समोर येतो. डावीकडची झाडी संपते, लिंक रोडचा गोंगाट अंगावर येतो. तलावाच्या कडेने थोडा वारा मिळतो, मग आयआयटीचं फाटक, पुढे कांजूरमार्गचं गांधीनगर. इथून ठाण्याला जायला दोन रस्ते. पूर्व द्रुतगती महामार्ग सरळ, रुंद आणि वेगवान. त्याच्या कडेने चालणं म्हणजे दोन-अडीच तास मान खाली घालून गाड्यांचा वारा खाणं. दुसरा जुना लाल बहादूर शास्त्री मार्ग, भांडुप-मुलुंडमधून जाणारा, धुळीचा, अरुंद, मेट्रोच्या खांबांनी आणखी अरुंद झालेला. नकाशा पाहणारा महामार्ग निवडेल. मी चालणाऱ्याला शास्त्री मार्ग सांगेन, आणि डोळे मिटून सांगेन. दर शंभर पावलांवर टपरी, वडापावची गाडी, औषधांचं दुकान, रसवंती, कुठल्या तरी सेठच्या नावाची पाणपोई, देवळाचा ओटा. ऊन आहे, धूर आहे, तरी माणूस रखडत का होईना पोचतो, कारण कुठेही थांबलं तर कुणी विचारत नाही. आरेत सावली आहे आणि थांबा नाही. शास्त्री मार्गावर थांबे आहेत आणि सावली नाही. पालखीच्या जुन्या वाटेवर दोन्ही एकत्र होतं. मुंबई ओलांडणाऱ्याला ते एका दिवसात दोन तुकड्यांत मिळतं, आणि महामार्गाने गेला तर काहीच मिळत नाही.

आता सगळ्यांत व्यवहारी आक्षेप. शहराला वेळ वाचवायचा आहे, चालणारे चार आणि गाड्या हजारो, तेव्हा आरेचा रस्ता चालणाऱ्यांच्या सोयीने का पाहावा? शिवाय आता भुयारी मेट्रोचं आरे जेव्हीएलआर स्थानक ऑक्टोबर २०२४ पासून सुरू आहे, आणि गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता होतो आहे, ज्याचे जवळपास पावणेपाच किलोमीटरचे जुळे बोगदे राष्ट्रीय उद्यानाच्या पोटातून जातील. मग पायी जायचंय कुणाला? यातला पहिला भाग मला चुकीचा वाटतो आणि दुसरा उपयोगी. चालणारे चार नाहीत. आरेत वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी यांचे सत्तावीस पाडे मोजले जातात, आणि तिथल्या माणसांची शाळा, दवाखाना, रेशनचं दुकान, कामाचं घर हे सगळं पायवाटांनी जोडलेलं आहे. दुधाची वसाहत येण्याआधीपासून त्या वाटा आहेत. त्यांवर वाघदेवाची ठाणी आहेत आणि वाघबारसेला तिथे पूजा होते. माझ्या मते ते ठाणं ही या शहरातली सगळ्यांत जुनी वाटेवरची पाटी असावी. कुठल्या हद्दीपुढे सावध व्हायचं, कुठल्या वेळेला घरात असायचं, याची शिस्त त्यात बसलेली आहे. २०२१ च्या पावसाळ्याअखेरीस बिबट्याने काही आठवड्यांत अनेकांवर हल्ले केले तेव्हा बाहेरच्यांना ही वाट धोक्याची वाटली; पाड्यांना ती कधीच बिनधोक वाटली नव्हती, म्हणून तर त्यांच्या चालण्याला वेळा होत्या. वारीही अंधार पडायच्या आत मुक्काम गाठायला बघते. रात्रभर चालण्याची सवय महामार्गाच्या पदयात्रेने लावली, जंगलाच्या वाटेने नाही. शिर्डीला निघालेल्या मंडळांनी आरे निवडायची तर सकाळी उजाडल्यावर शिरून ऊन चढायच्या आत पवईला बाहेर पडावं, एवढं बंधन पाळावंच लागेल.

दुसऱ्या भागाचं म्हणाल, तर मेट्रो आणि बोगदा हीच आरेचा रस्ता हलका करण्याची संधी आहे. ४ ऑक्टोबर २०१९ च्या रात्री याच मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतली झाडं तोडायला सुरुवात झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने थांबवेपर्यंत दोन हजारांहून अधिक तुटली. २०२० मध्ये आठशे बारा एकर राखीव वन करायचं ठरलं, कारशेड कांजूरमार्गला हलली, २०२२ मध्ये परत आरेत आली. त्या सगळ्या वादात एक युक्तिवाद सातत्याने ऐकू आला, की मेट्रोमुळे रस्त्यावरच्या गाड्या कमी होतील आणि पर्यावरणाचा अखेर फायदाच होईल. ठीक आहे. मेट्रो आता धावते आहे, बोगदाही एक दिवस होईल. मग त्या युक्तिवादाप्रमाणे आरेतून आरपार जाणाऱ्या गाड्यांचं ओझं कमी व्हायला हवं, आणि ते आपोआप होत नसेल तर करून घ्यायला हवं. निदान सकाळच्या काही तासांत हा रस्ता आरपार वाहतुकीला बंद ठेवून पाड्यांची, दुधाची आणि बसची वाहनं तेवढी सोडणं ही काही क्रांती नव्हे. झाडांची किंमत देऊन झालेली आहे. तिच्या बदल्यात कबूल केलेलं मागायला संकोच कशाला?

उरतो प्रश्न विसावे कुणी चालवायचे. वारीत ते गावाकडे असतात, आणि गाव ते मानाने करतं. मुंबईत त्याचा एक छोटा नमुना होऊन गेला आहे, आणि तो आरेच्याच नावाचा. शहराच्या कोपऱ्याकोपऱ्यावर आरेची दूध केंद्रं होती, त्यांतली काही आजही आहेत, बरीचशी चहा-भजीची दुकानं होऊन तगली आहेत. ‘एनर्जी’ नावाच्या थंडगार सुगंधी दुधाची बाटली उभ्याउभ्या पिऊन परत करायची आणि पुढे निघायचं, ही दोन-तीन पिढ्यांची सवय. मोजक्या जागेत, सरकारी परवान्यावर, पायी जाणाऱ्यासाठी उघडलेली ती खिडकी होती. जिथून हे दूध निघालं त्या वसाहतीच्या रस्त्यावर चेकनाका, पिकनिक पॉइंट आणि पवईच्या तोंडाशी अशी तीन केंद्रं, प्रत्येकापाशी नळ, शौचालय आणि झाडाखाली ओटा, एवढ्याने अर्धी वाट पुरी होते. ती चालवायचा पहिला हक्क पाड्यांमधल्या बचत गटांचा असावा. मात्र यात एक अडचण आहे आणि ती टाळून पुढे जाता येत नाही. यातल्या काही पाड्यांना नळ आणि वीज मिळायला स्वातंत्र्यानंतर कित्येक दशकं जावी लागली, आणि शौचालयांची रड अजून सरलेली नाही. ज्याच्या घरी पाणी लांबून येतं त्याला वाटसरूला पाणी पाजायला सांगणं हा उद्धटपणा होईल. म्हणून पाइपलाइन आधी पाड्यात जायला हवी आणि रस्त्यावरचा नळ तिच्यावरून निघायला हवा. महापालिकेच्या अंदाजपत्रकात हा खर्च रस्त्याच्या काँक्रिटीकरणाच्या रकान्याशेजारीच दाखवता येईल, आणि दोन्ही रकमा शेजारी शेजारी छापल्या तर पुढचा वाद घालायला बरंच सोपं जाईल.